हवा सोडायची, तर भरायची सोय हवी

डांबर संपून गाडी रेतीत, चिखलात किंवा दगडगोट्यांत घालायची वेळ आली की जाणता चालक आधी खाली उतरतो, चाकापाशी उकिडवा बसतो आणि टायरमधली हवा सोडायला लागतो. शेजारी नवखा माणूस असेल तर तो गोंधळतो. आयुष्यभर त्यानं ऐकलेलं असतं की हवा कमी झाली की टायर खराब होतो, ॲव्हरेज पडतं, स्टेअरिंग जड होतं. डांबरी रस्त्यापुरतं ते सगळं खरं आहे. रस्ता सुटला की हिशोब उलटा होतो, आणि तो का उलटा होतो हे समजलं की हवेचा पंप, जॅक आणि पाना कसा निवडायचा हे निम्मं तिथेच कळतं.

गाडीचं वजन शेवटी पेलते ती हवा. माणसं आणि सामान धरून २,००० किलो वजनाची गाडी घेतली तर एका चाकावर साधारण ५०० किलो येतात. आपण पंपावर सांगतो ती ‘बत्तीस हवा’, म्हणजे ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलो. ५०० किलोंना सव्वादोननं भागलं की २२० चौरस सेंटिमीटर येतात. टायरचा जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानानं एवढा, पसरलेल्या तळहाताहून थोडा मोठा. टायरच्या रबराचा आणि आतल्या धाग्यांचा ताठरपणाही काही भार घेतो, म्हणून प्रत्यक्षातला आकडा थोडा वेगळा येईल, पण दिशा हीच. आता हवा निम्म्यावर, १६ पीएसआयवर आणली की तो ठसा जवळजवळ दुप्पट होतो. तो रुंदीत फारसा वाढत नाही, लांबीत वाढतो. टायर पुढेमागे लांबट पसरतो आणि रेतीत रुतण्याऐवजी तिच्यावरून चालतो. दगडांवर त्याचा वेगळा फायदा होतो. टम्म फुगलेला टायर टोकदार दगडावर चेंडूसारखा उसळतो आणि धार एकाच जागी झेलतो. मऊ टायर दगडाला कवेत घेतो.

वाळवंटात ही युक्ती पद्धतशीर वापरणाऱ्यांत राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचं नाव अग्रक्रमानं येतं. १९२०च्या दशकात इजिप्तमध्ये नेमणुकीवर असताना तो आणि त्याचे मित्र रजेत फोर्ड मोटारी घेऊन लिबियाच्या वाळवंटात शिरायचे. टायरची हवा उतरवायची, वेग धरून टेकडी चढायची आणि रुतलंच तर चाकाखाली लोखंडी पन्हळी सरकवायची, हे त्यांचं तंत्र. त्याच अनुभवावर १९४०मध्ये त्यानं लांब पल्ल्याच्या वाळवंटी टेहळणीसाठी सैन्याची खास तुकडी उभारली, आणि पुढे वाऱ्यानं वाहणाऱ्या वाळूच्या भौतिकीवर त्यानं लिहिलेला ग्रंथ त्या विषयाचा पाया ठरला. दुसऱ्या महायुद्धातच अमेरिकेनं ‘डक’ नावाचा पाण्यात आणि जमिनीवर चालणारा ट्रक काढला. चालकाला जागेवर बसूनच चाकांची हवा कमीजास्त करता येईल अशी सोय त्यात होती. पाण्यातून किनाऱ्याच्या मऊ वाळूवर चढताना हवा कमी, पक्क्या रस्त्यावर आल्यावर जास्त.

आपल्या गाडीत ती सोय नाही. आपल्याला चार ठिकाणी बसून हवा सोडायची असते, आणि मग डांबर लागलं की चारही चाकांत ती परत भरायची असते. ऑफ-रोडला जाणाऱ्यानं पंप घ्यायचा तो यासाठी. पंक्चर झालंच तर कामाला येईल म्हणून पंप घेणाऱ्याची गरज आणि ही गरज यांत फार मोठं अंतर आहे, आणि दुकानात आपण बहुतेक वेळा पहिल्या गरजेचा पंप दुसऱ्या गरजेसाठी उचलून आणतो.

हे अंतर आकड्यांत मांडून बघू. १६५/८० आर १४ मापाच्या, छोट्या मोटारीच्या टायरमध्ये आतली पोकळी साधारण २५ ते ३० लिटरची. तिच्यात हवा २५वरून ३०वर न्यायची असेल तर बाहेरची नऊ-दहा लिटर हवा आत कोंबावी लागते. आता थारसारख्या गाडीचा २४५/७५ आर १६ टायर घ्या. त्याची पोकळी साधारण ६५ ते ७० लिटर. हवा १८वर आणलेली आहे आणि ३२वर न्यायची आहे, म्हणजे १४ पीएसआयची भर. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाबच १४.७ पीएसआय असतो, त्यामुळे १४ची भर म्हणजे टायरच्या पोकळीएवढी जवळजवळ आणखी एक पोकळी हवा आत ढकलायची. एका चाकाला ६५ लिटर, चारांना २६० लिटर. छोट्या मोटारीच्या एका चाकाच्या तुलनेत हे काम पंचवीसपटीहून जास्त आहे.

म्हणून पंपाच्या खोक्यावर ‘कमाल १५० पीएसआय’ असं ठळक छापलेलं असतं त्याकडे मी आता बघतही नाही. मोटारीच्या टायरला चाळिशीच्या वरचा दाब क्वचित लागतो. बघायचं ते मिनिटाला किती लिटर. तो आकडाही सावधपणे वाचायला हवा, कारण बहुतेकदा तो नळीचं तोंड मोकळं असतानाचा असतो. टायरमधला दाब जसा वाढतो तसा पंप धापा टाकायला लागतो आणि प्रत्यक्ष हवा घटत जाते. ३० पीएसआयच्या आसपास ती निम्म्यावर आली असं धरून चाललं की फसगत होत नाही. ३५ लिटरचा पंप मग १७-१८ लिटर देणार, आणि आपल्या २६० लिटरला पंधरा मिनिटं सलग चालणार. ७० लिटरचा पंप सात-आठ मिनिटांत काम संपवतो. दोन सिलिंडरचे दीडशे लिटरच्या पुढचे पंप तीन-चार मिनिटांत मोकळे होतात, पण त्यांची किंमत आणि वजन पाहता ते दर पंधरवड्याला जंगलात जाणाऱ्यांनीच घ्यावेत असं माझं मत आहे.

यात ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा. पिस्टन हवा दाबतो तेव्हा हवा तापते, सिलिंडर तापतो, मोटर तापते. छोट्या पंपांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की दहा किंवा पंधरा मिनिटांनंतर तेवढाच वेळ विश्रांती द्या. मोठ्या पंपांवर हीच गोष्ट टक्केवारीत सांगतात. ३३ टक्के म्हणजे तासातली वीस मिनिटं काम आणि चाळीस मिनिटं आराम, तीही ठरावीक दाबाला आणि ठरावीक तापमानाला. एप्रिलच्या उन्हात जैसलमेरकडच्या वाळूत उभं राहून पंप चालवताना बाहेरचं तापमानच चाळिशीच्या वर असतं. ज्या पंपाला आपलं चार चाकांचं काम एका दमात झेपतं आणि वर थोडी शिल्लक उरते, तोच पंप आपला.

वीज कुठून येते यावरूनही पंपाची कुवत ताबडतोब ओळखता येते. सिगारेट लायटरच्या खोबणीला बहुतेक गाड्यांत १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. १२ व्होल्ट गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. त्या खोबणीतून चालणाऱ्या पंपाला याच्या वर जाताच येत नाही, खोक्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी. जास्त हवा देणारे पंप २०-३० अँपिअर ओढतात, म्हणून त्यांच्या वायरींना मगरीच्या जबड्यासारखे चिमटे असतात आणि ते थेट बॅटरीला लावायचे असतात. माझा सल्ला सरळ आहे: मोठ्या टायरच्या गाडीला चिमट्याचाच पंप घ्या. वायरवर बॅटरीजवळ फ्यूज आहे ना ते बघा आणि त्याच मापाचे दोन जास्तीचे फ्यूज पेटीत टाकून ठेवा. पंप चालू असताना इंजिन सुरू ठेवायचं, नाहीतर हवा भरलेली, पण सेल्फ लागत नाही अशी अवस्था रानात येते. इंजिन चालू म्हणजे गाडी उघड्यावर हवी आणि हँडब्रेक ओढलेला हवा.

हल्ली हातात मावणारे, चार्ज करून वापरायचे पंप खूप चालतात. ते मला आवडतात. दुचाकीसाठी, शहरात रोजच्या दोन-तीन पीएसआयच्या भरणीसाठी ते उत्तम. त्यांच्यातल्या अनेकांची बॅटरी मात्र २० ते ३० वॅट-तासांची असते. दीडशे वॅटच्या पंपानं पंधरा-सतरा मिनिटं चालायचं तर चाळीसच्या आसपास वॅट-तास लागतात. म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या चाकावर तो मान टाकणार, आणि तिथे चार्जिंगला दोन तास थांबायला आपल्याकडे वेळ नसतो. शिवाय लिथियमची बॅटरी उन्हात बंद गाडीच्या काचेपाशी ठेवणं चांगलं नाही. मुख्य पंपाला जोड म्हणून तो जरूर घ्या.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच उरतो. गेज टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबांतला फरक दाखवतो. मुंबईत ३२ भरलेला टायर तापमान तेवढंच राहिलं तर लेहला ३७च्या आसपास दाखवेल. पण तिथली सकाळ वीस अंशांनी गार असली तर आकडा पुन्हा ३४वर येतो, कारण साधारण सहा अंशांमागे एक पीएसआय कमी होतो. म्हणून घाटात मध्येच घाबरून हवा सोडायची नाही. सकाळी टायर गार असताना मोजायची आणि त्यानुसार ठरवायचं. पंपाचं काम मात्र तिथे खरोखर वाढतं. विरळ हवेत पिस्टनच्या प्रत्येक झटक्याला कमी हवा सापडते, त्यामुळे जे चाक कोकणात दोन मिनिटांत भरतं त्याला लेहला तीन लागतात. आणि तिथेच तर पंपाची गरज जास्त. मनालीहून लेहला जाताना तांडीच्या पेट्रोलपंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रवाशांच्या पिढ्यांनी वाचली आहे. ती इंधनासाठी होती, पण हवेलाही तितकीच लागू होती.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत, पण त्यांच्यावाचून अडतं. नळी आणि वायर मिळून गाडीच्या मागच्या टोकापर्यंत, पाठीवर टांगलेल्या स्टेपनीपर्यंत पोचते का, हे दुकानातच विचारा. व्हॉल्व्हवर फिरवून बसवायचं पितळी तोंड घट्ट बसतं, पण काढताना थोडी हवा सोडतं. खटक्याचं तोंड झटकन निघतं, पण स्वस्तातलं असेल तर वर्षभरात सैल होतं. पंपावरचा काटा पंप चालू असताना वाढीव आकडा दाखवतो, कारण तो नळीतला दाब असतो. थांबवून वाचायचं. त्यापेक्षा बरं म्हणजे खिशात वेगळा चांगला गेज ठेवायचा आणि आयुष्यभर त्याच एका गेजवर भरवसा ठेवायचा. चारही चाकं आपसांत सारखी असणं हे आकडा शंभर टक्के बरोबर असण्यापेक्षा जास्त मोलाचं.

हवा सोडण्यासाठी किल्लीच्या टोकानं व्हॉल्व्हची पिन दाबत बसलं तर एका चाकाला पाच मिनिटं जातात आणि बोट दुखतं. पिन उलगडणारा पाना किंवा पिन बाहेर ओढून धरणारा पितळी डिफ्लेटर घेतला की मिनिटाच्या आत काम होतं. ठरवलेल्या दाबाला आपोआप बंद होणाऱ्या टोप्याही मिळतात, चार चाकांना चार लावून चहा करायला घ्यावा. जास्तीच्या पिना आणि टोपणं डबीत हवीतच. गवतात पडलेली व्हॉल्व्हची पिन शोधणं किती अवघड असतं ते एकदा केल्याशिवाय कळत नाही.

किती हवा सोडायची, हे टायर, वजन आणि जमीन यांवर ठरतं. खडबडीत कच्च्या वाटेवर २४ ते २६, दगडगोट्यांत २० ते २२, मऊ रेतीत १६ ते १८ ही सुरुवात करण्याजोगी मापं आहेत. पंधराच्या खाली मी जात नाही. टायरची जी कडा रिमला धरून बसते तिला बीड म्हणतात, आणि तिला जागेवर दाबून धरते तीही हवाच. हवा फार कमी असताना जोरात वळलं की बीड रिमवरून सुटते आणि टायर एका क्षणात रिकामा होतो. अशा वेळी ती परत बसवायला रिमच्या कडेची माती पुसून साबणाचं पाणी लावायचं, टायरच्या घेराभोवती सामान बांधायचा पट्टा आवळायचा, व्हॉल्व्हची पिन काढून टाकायची म्हणजे हवा मोठ्या धारेनं आत जाते, आणि पंप जोरात सोडायचा. इथेही छोटा पंप हात टेकतो. पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचे व्हिडिओ फिरतात. तो प्रकार करू नका. माणसं त्यात भाजली आहेत.

हवा कमी असताना वेगही कमी ठेवायचा, वीस-तीसच्या आत. आणि डांबर लागल्याबरोबर थांबून भरायची. ‘पुढच्या गावात पंप आहे, तिथपर्यंत जाऊ’ हा विचार टायरला सगळ्यात महाग पडतो. मऊ टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, तापते, आणि आतले धागे सुटायला लागतात. बाहेरून काहीही दिसत नाही. तो टायर पुढे महिनाभरानं द्रुतगती मार्गावर फुटतो.

आता पंक्चर. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा किंवा धारदार खडी ट्रेडमध्ये घुसली असेल तर चिकट दोरी घालून ते रस्त्यातच काढता येतं. भोक रीमरनं घासून साफ करायचं, टोकं थोडी बाहेर राहतील इतकी दोरी आत ढकलायची, सुई झटक्यानं ओढायची. कुठलाही पंक्चरवाला पाच मिनिटांत शिकवतो, आणि त्याचे पैसे देऊन शिकावंही. पण सह्याद्रीतला काळा दगड फुटतो तो सुरीच्या धारेसारखा, आणि तो ट्रेडपेक्षा बाजूच्या भिंतीला जास्त कापतो. तिथे दोरी टिकत नाही, कारण ती भिंत सतत वाकत असते. तिथे स्टेपनीच लागते.

हा आपला घरगुती शब्द वेल्समधून आला आहे. लानेल्ली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर एका कंपनीनं १९०४च्या सुमाराला मोटारींसाठी जास्तीचं चाक विकायला सुरुवात केली, आणि रस्त्याचं नाव चाकाला चिकटलं. इंग्लंडात तो शब्द मागे पडला, आपल्याकडे राहिला. मात्र शब्द राहिला म्हणून वस्तू राहिलीच असं समजू नका. २०२०मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. काही गाड्यांत स्टेपनी असते पण मापानं लहान, ८० किलोमीटर वेगाची मर्यादा लिहिलेली. ती शहरात घरी पोचायला ठीक. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या व्यासाचं लावून फोर-व्हील टाकला की चाकांच्या फिरण्यातला फरक गिअर आणि शाफ्टवर ताण आणतो. रानात जायचं तर पूर्ण मापाची, तशाच टायरची स्टेपनी हवी.

स्टेपनी आहे, पण गाडी उचलणार कशी? इथे माझा स्वतःचा धडा सांगतो. जुलैतली गोष्ट. सिंधुदुर्गात जांभ्याच्या सड्यावरून खाली उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर मागच्या डाव्या चाकाची भिंत फाटली. पाऊस कोसळत होता. गाडीसोबत आलेला कात्रीचा जॅक लावला, वीस-पंचवीस वेळा फिरवला, आणि लक्षात आलं की गाडी उंच होतच नाहीये, जॅक खाली चाललाय. लाल चिखलात तो वीतभर रुतला आणि तिरका झाला. मी घाबरून बाजूला झालो ते बरं झालं, कारण पुढच्याच क्षणी तो कलंडला आणि गाडी धपकन खाली बसली. वरच्या वाडीतून एक आजोबा छत्री घेऊन आले, पाहिलं, काही न बोलता परत गेले आणि गोठ्यातली जाड फळी घेऊन आले. ‘आधी खाली फळी घाला,’ एवढंच म्हणाले. दुसऱ्या खेपेला दोन दगड आणले आणि उताराकडच्या चाकांना स्वतःच लावले. दहा मिनिटांत चाक बदललं.

तेव्हापासून माझ्या गाडीत फूटभर लांब-रुंद, पाऊण इंच जाडीच्या प्लायवुडचे दोन तुकडे असतात. एकावर एक ठेवले की उंचीही मिळते. जॅक कोणताही घ्या, त्याच्याखालची जमीन आधी घ्या.

जॅकची निवड गाडीच्या बांधणीवर ठरते. उंच गाडीचा सांगाडा वर उचलला की स्प्रिंग सैल होतात आणि चाक खालीच लोंबत राहतं. गाडी वीतभर वर जाते, चाक तरी जमिनीला टेकलेलंच. मागचा ॲक्सल अखंड असेल, जसा थारला असतो किंवा जिमनीला पुढेमागे दोन्हीकडे असतो, तर जॅक थेट ॲक्सलखाली लावता येतो आणि चाक लगेच उचललं जातं. यासाठी तेलावर चालणारा बाटली जॅक उत्तम. घेण्याआधी दोन मापं घ्या. पंक्चर झाल्यावर, म्हणजे गाडी बसलेली असताना, ॲक्सलखाली जॅक सरकेल का? आणि हवा भरलेली स्टेपनी आत जाईल इतका तो उंच होईल का? सपाट टायर काढायला जेवढी उंची लागते त्याहून भरलेला टायर बसवायला जास्त लागते, हे ऐन वेळी आठवून उपयोग नाही. जॅकची क्षमता गाडीच्या पूर्ण वजनाइतकी असली की मन निर्धास्त राहतं.

उंच लोखंडी दांड्याचा, हँडल वरखाली करून चढवायचा फार्म जॅक चित्रांत फार रुबाबदार दिसतो. तो कामाचा आहे, पण धोक्याचा. त्यावर चढवलेली गाडी बाजूला झुलते, आणि हँडल हातातून सुटलं तर ते उसळून जबडा फोडू शकतं. शिवाय हल्लीच्या प्लास्टिकच्या बंपरला तो अडकवायला जागाच नसते. ज्यांनी लोखंडी बंपर आणि बाजूच्या भक्कम नळ्या बसवल्या आहेत आणि कुणाकडून तरी तो नीट शिकून घेतला आहे, त्यांनीच वापरावा. सायलेन्सरच्या धुरानं फुगणाऱ्या पिशवीचा जॅक रेतीत फार छान काम करतो, कारण तो रुतत नाही. आपल्या धारदार खडीवर त्याच्या वर-खाली जाड चटई घातल्याशिवाय त्याचा भरवसा धरू नका.

काहीही वापरा, गाडीखाली अंग घालायचं नाही. आणि चाक काढण्याआधी स्टेपनी गाडीच्या खाली, जॅकच्या शेजारी आडवी सरकवून ठेवायची. जॅक निसटला तर गाडी स्टेपनीवर बसते, माणसावर किंवा ब्रेकच्या चकतीवर नाही. नंतर जुनं चाक तिथे सरकवून स्टेपनी बाहेर काढायची.

पान्याबद्दल थोडं. अनेक मोटारींच्या चाकाचे नट सुमारे १०० न्यूटन-मीटर जोरानं आवळलेले असतात. पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर हा जोर आणायला ४० किलोंचा दाब लागतो, अर्धा मीटर लांबीच्या पान्यावर २०. म्हणून गाडीसोबत मिळालेला आखूड पाना चिखलात पाय घसरत असताना पुरत नाही. त्यातून गॅरेजमध्ये हवेच्या गननं नट आवळले असतील तर ते याच्या दीडपट घट्ट असू शकतात. लांब दांड्याचा किंवा क्रॉस पाना आणि आपल्या नटाला गच्च बसणारा सहा कोनांचा सॉकेट घ्या. ढिला सॉकेट कोपरे खातो आणि मग कुणाच्यानेच नट निघत नाही. गाडी वर उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचे. बसवताना एकाआड एक, चांदणीच्या क्रमानं आवळायचे. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा एकदा पाना फिरवायचा. नट नुसते हातानं आवळल्यासारखे सैल झालेले मी एकदा पाहिले आहेत.

रेतीचा विषय निघाला की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा येतो. तिथे गाडी घालू नये, असं मला मनापासून वाटतं. वेळास, आंजर्ले आणि इतर अनेक किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासविणी वाळूत दीडेक फूट खोल खड्डा करून अंडी घालतात, आणि पिल्लं बाहेर यायला सातेक आठवडे लागतात. वरून गेलेल्या चाकाला ते घरटं दिसत नाही. चाकोऱ्यांच्या खळग्यांत समुद्राकडे निघालेली पिल्लं अडकतात. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी नेणं कायद्यानंच बंद आहे. टायरचा ठसा दुप्पट झाला म्हणून त्या वाळूवर आपला हक्क होत नाही. रेतीत चालवायचं तर राजस्थान आहे.

दर मे महिन्याच्या शेवटी, पावसाआधी, मी अंगणात सगळी अवजारं बाहेर काढतो आणि घरातलं प्रत्येक माणूस एकदा चाक बदलतं. यंदा लेकीची पाळी होती. तिनं फळी घातली, दगड लावले, नट सैल केले, स्टेपनी उतरवली, आणि मला हाक मारून म्हणाली, ‘बाबा, स्टेपनीत अठराच हवा आहे.’ वर्षभर पाठीवर टांगलेल्या त्या चाकाकडे आमच्यापैकी कुणीच गेज लावून पाहिलं नव्हतं. तिनं बॅटरीला चिमटे लावले, इंजिन सुरू केलं, मोबाइलचं घड्याळ लावलं. अठरावरून पस्तीसवर यायला दोन मिनिटं दहा सेकंद लागले. तो आकडा तिनं तारखेसह पंपाच्या पेटीच्या झाकणावर आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवला आहे.